सुट्टीवरचा माणूस

माझी पोरं आता कॉलेजात जातात, तरी जेवताना कुणीतरी म्हणतंच, "आबांची सांगा न." मग मी सांगतो. बायको वरण वाढता वाढता म्हणते, "तुमच्या गोष्टीत माझे बाबा दरवेळी वीतभर उंच होतात." होत असतील. ते मुळातच उंच होते आणि मी मुळातच बुटका. मधली जागा कुणीतरी भरायला नको? शिवाय ते आता नाहीत. तक्रार करायला एकटी बायको उरली आहे, आणि तिच्या तक्रारींची मला सवय आहे.

ते म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो आणि सासूला मामी. मामाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मी गोंदियात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. म्हणजे दोघांचीही देशसेवाच, फक्त त्यांची उभ्याने आणि माझी बसून.

मला पाहायला ते आलेच नव्हते. तेव्हा ते कुठल्याशा सीमेवर होते. मुलगा मामींनी पसंत केला, बोलणी मामींनी केली, आणि मामाजींची सुट्टी मंजूर झाल्याचं कळल्यावर तारीख धरली. लग्न सासुरवाडीच्या विहारासमोरच्या मांडवात. वेळ सकाळची. आमची वरात गोंदियाहून निघाली ती आमच्या काकांच्या सफारीच्या पँटसाठी इस्त्रीवाल्याचं दुकान उघडेपर्यंत थांबून. पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, गावातली अर्धी माणसं जेवून हात धुवत होती, आणि मांडवाच्या तोंडाशी एक उंच माणूस हात मागे बांधून उभा होता.

"नवरदेव कौन है? एक कदम आगे."

मी आलो. बँड आपोआप थांबला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"तबियत ठीक है?"

"हो."

"तो फिर लेट कायले?"

मी काकांच्या पँटकडे बोट दाखवणार होतो, तेवढ्यात त्यांच्या मागून ठेंगण्या मामी हातात ताट घेऊन पुढे आल्या. "जवाई हाय तो, रंगरूट नोहे," त्या म्हणाल्या. "येऊ द्या आतमंदी." आणि तो उंच माणूस मुकाट्यानं बाजूला झाला. या घरात हुकूम कुणाचा चालतो ते मला लग्न लागायच्या आधीच समजलं. मामाजींना मात्र ते कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

त्यांच्या बोलण्याचं काय सांगू. मिसरूड फुटायच्या वयात गावातून गेले, ते सगळ्या देशाच्या बोलीचे तुकडे खिशात घालून परत आले. खूश झाले की पंजाबी, रागावले की हिंदी, भात वाढा म्हणायचं असलं की दक्षिणेतला कुठलासा शब्द, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कोई शक?" हा प्रश्न. शक असला तरी विचारायची कुणाची छाती नव्हती. गावातल्या म्हाताऱ्या पारावर म्हणायच्या, "सुभेदार कोनत्या मुलकातला हाय बाप्पा?" हे त्यांच्या कानावर गेलं की दिवसभर त्यांचा चेहरा पडलेला असायचा. ज्या गावासाठी आपण इतकी वर्षं बंदूक धरली त्या गावानंच आपल्याला परका म्हणावं, हे त्यांना पटत नसे. म्हाताऱ्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी हा माणूस फक्त सुट्टीत पाहिला होता.

ते नोकरीत होते तोवर घराचं सगळं अडलेलं काम त्यांच्या सुट्टीसाठी साचवून ठेवलेलं असायचं. छपराचे कवेलू फेरायचे ते सुट्टीत. लग्नं सुट्टीत, भावकीचे तंटे सुट्टीत, कुणाचा दुखरा दात काढायचा तोही सुट्टीत. दोन महिने घरात आरडाओरडा, कोंबडी, पाहुणे. मग एका सकाळी खाट रिकामी. माझी बायको सांगते, लहानपणी तिला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असे येतात आणि जातात, उन्हाळ्यासारखे.

निवृत्त होऊन आले तेव्हा गावानं नेहमीचाच प्रश्न विचारला. "कधी आले सुभेदार? किती दिवसाची सुट्टी?"

"हमेशा के लिए," ते म्हणायचे.

"असं होय," म्हणून लोक पुढं जायचे. दोन महिने झाले आणि तेच लोक म्हणू लागले, "आजून हायेच का?" यात वाईट काही नव्हतं. पण वाईट त्यांना वाटायचं, कारण दोन महिने झाले की त्यांच्या पायांनाही तेच वाटायचं. अंगणात येरझारा वाढायच्या. खाटेच्या काठावर असे टेकायचे की गाडीची शिटी ऐकू आली तर उठायला सोपं जावं. जेवण तर इतक्या घाईनं की मी पहिला घास भिजवेपर्यंत ते आचवून यायचे आणि माझ्या मागे उभे राहायचे. मागे सुभेदार उभा असताना जेवून पाहा. माझं पोट त्यानंच वाढलं असं मी बायकोला सांगतो. घास मोजून घ्यायची उसंतच मिळाली नाही.

खरं दुखणं असं होतं की घरात जागा रिकामी नव्हती. रोवणी, कापणी, पाटाच्या पाण्याची पाळी, धान विकणं, पोरीचं शिक्षण, सगळं मामी कधीच्या करत होत्या आणि चांगलं करत होत्या. मामाजींनी काम शोधायला सुरुवात केली. सरपण उंचीप्रमाणे रचलं. पाण्याच्या पितळी गुंडावर चेहरा दिसेल इतकी पॉलिश केली. मग छावणीत करतात तसं गेरू आणि चुना कालवून झाडांचे बुंधे रंगवायला घेतले. आंबा झाला, मोह झाला, रस्त्याकडेचे दगड झाले, हातपंप झाला. एका दुपारी ब्रश घेऊन ते पुढचं काहीतरी शोधत फिरत होते, तेव्हा मामी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "एका जागी उभी राहिली तर मलेही रंगवसान."

"घराला शिस्त पाहिजे," मामाजी म्हणाले.

"घर चालूनच राहिलं होतं तुमच्याबिगर," मामी म्हणाल्या. साध्या आवाजात. मी तिथंच होतो. मामाजी ब्रश धुवायला गेले आणि खूप वेळ धूत राहिले.

त्यांच्या बांध्यांची गोष्ट सांगायलाच हवी. धानाच्या एकेका तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. मामाजींचा बाप याच बांध्यांत दुसऱ्यासाठी धान रोवायचा, आणि तेव्हा बांध्यांना मालकाच्या भावकीची नावं होती. पुढं जमीन यांची झाली. मग प्रत्येक सुट्टीत मामाजी एकेका बांधीचं नाव बदलत गेले. पाणथळ बांधी तेजपूर. मोठी, चौकोनी ती पठाणकोट. उंचावरची, जिथं पाणी शेवटी आणि नावालाच पोहोचायचं, ती जैसलमेर. गावाला हसायला मिळालं, पण नावं चिकटली. रोवणीच्या बाया सकाळी एकमेकींना हाक मारायच्या, "चाल वं, आज पठाणकोटात हाय." आणि सासुरवाडीला गेल्यावर बायकोला "मामी कुठं आहेत?" विचारलं, की ती सहज म्हणायची, "आई तेजपुरात गेली आहे, येईल तासाभरात." फक्त मामी एकट्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, खालची, मधली, वरची.

मी एकदा विचारलं, "मामाजी, अशी नावं का?"

ते बांधावर चालत होते. मला उत्तर मिळावं म्हणून धावावं लागलं. "माझा बाप जिंदगीभर दुसऱ्याच्या नावात उभा राहून रोवत होता," ते म्हणाले. "आपली झाली तेव्हा म्हटलं, आता आपलं नाव देऊ. मग आपलं नाव कोणतं? बहोत सोचा. जिथं जिथं मला माणूस म्हणून ताट वाढलं, ती नावं दिली. कोई शक?"

मला धाप लागली होती, शक घ्यायला दम नव्हता.

स्वातंत्र्यदिनाला गावची शाळा त्यांनाच झेंड्याला बोलवायची. पोरं लढाई ऐकायला टपलेली असायची आणि मामाजी दरवर्षी लंगराचं सांगायचे. एका पातेल्यातलं सगळे कसे खातात, शेजारी कोण बसला ते कुणी कसं विचारत नाही. आणि एक गोष्ट हमखास. बाहेर तुकडी घेऊन गेलं की आधी जवान जेवतात, मग हवालदार, आणि ज्याच्या हाती हुकूम असतो तो सगळ्यांच्या शेवटी. उरलं तर. "जो शेवटी जेवतो तोच पुढारी. देश इतकाच आहे. जय हिंद." एवढं बोलून खाली. पोरांचा हिरमोड व्हायचा. सरपंच मात्र हळूच दुसरीकडे बघायचा.

आणि याच सवयीनं एका वर्षी घात केला.

धान पोटरीत आलं होतं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि पावसानं पाठ फिरवली. अशा वेळी एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर नुसतं तणीस, वाळला पेंढा. इटियाडोह धरणाचं पाणी पाटाला सुटलं. कोणत्या दिवशी बंद होणार तेही आधीच सांगितलं होतं, कारण धरणातही बेताचंच होतं. सासुरवाडीचं गाव पाटाच्या शेपटीला. पाणी तिथं पोहोचतं तेव्हा दमलेलं असतं. दरवर्षी त्यावरून फावडी उचलली जायची. त्या वर्षी गावानं ठरवलं, वाटणी सुभेदाराच्या हाती द्यायची. तो कुणाच्या बापाला भीत नाही आणि कुणाचं खात नाही.

मामाजींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा काम मिळालं. मी तेव्हा दोन दिवसांसाठी गेलो होतो. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पाटावर पहारे लावले, पोरांच्या टोळ्या केल्या, शिट्टी गळ्यात. गावाची रीत अशी की पाटाजवळची बांधी आधी भरायची, मग तिच्यातून खालची, मग त्या खालची. पाणी उताराच्या वाटेनं जातं. मामाजींनी ही रीत बाजूला ठेवली. ज्याची जमीन सगळ्यात थोडी त्याला पहिलं पाणी. मग विधवा बाया. मग मधले. आणि ज्याच्या हाती हुकूम, तो शेवटी.

ऐकायला किती छान वाटतं. मलाही वाटलं. मी तर मान डोलावून "वा" म्हटलं. पण पाण्याला फौजेचं शिक्षण नसतं. एका टोकाची बांधी भरायची, मग गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तर मधल्या सुक्या सऱ्याच अर्धं पाणी पिऊन टाकत. मामी दुसऱ्या दिवशी पाटावर आल्या आणि म्हणाल्या, "असं नका करू जी. जवळची आधी भरा. पानी जिरून राहिलं."

"व्यवस्था ठरली आहे," मामाजी म्हणाले.

"तुमची व्यवस्था मातीले माईत नाई."

त्यांनी शिट्टी वाजवली आणि पुढच्या सरीकडे गेले. सांगितलेल्या दिवशी पाट बंद झाला. गावातल्या बहुतेकांचं धान वाचलं. गरिबांचं तर नक्की वाचलं. त्यांचं स्वतःचं तेवढं कोरडं राहिलं. मी तोवर गोंदियाला परतलो होतो, पण पुढचं बायकोनं सांगितलं, कारण ती मागे तिथंच राहिली होती.

काही दिवसांनी लोंब्या पांढऱ्या पडल्या, आत दाणा नाही. मामी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मामाजी म्हणाले, "गाव बचा लिया." ते शाबासकीची वाट पाहत होते की काय, देव जाणे.

मामी म्हणाल्या, "तुमी तुमचं ताट मांगं ठेवलं असतं तर मी काई बोलली नसती. माहं ताट कायले ठेवलं?"

ते वाकून एक पोकळ लोंबी बोटांत चोळून पाहू लागले.

"हे धान मी वाढवलं. तुमी होते तेव्हाबी मीच, तुमी नोहते तेव्हाबी मीच. मले इचारलं तुमी? एका शब्दानं?" आणि मग त्या म्हणाल्या, "तुमची सुट्टी सरली. जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. पेटी नव्हती. बायकोनं मला फोन केला आणि म्हणाली, "स्टेशनावर असतील. माझं ऐकायचे नाहीत. जा आणि थांबवा त्यांना." सुभेदाराला थांबवायला आवक-जावक कारकून. पण गोंदियाहून त्या बाजूची गाडी सुटायची होती आणि दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

सासुरवाडीचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि दोन बाकं. मामाजी गोंदियाच्या गाडीची वाट पाहत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. काळी लोखंडी पेटी मधोमध. मला उतरताना पाहून थांबले.

"कुणी पाठवलं?"

"तुमच्या मुलीनं."

"ऑर्डर क्या है?"

"तुम्हाला थांबवायची."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "अकेले?"

मी पेटीवर बसलो. निदान पेटी तरी थांबेल. "कुठं चाललात?"

"एक दोस्त लुधियानाकडं आहे. एक कोट्टायमला. एक इंफाळला." ते पुन्हा चालू लागले, मला मान वळवत ऐकावं लागत होतं. "कुणाच्याही दारात उभा राहिलो तर आधी चहा देतील, मग विचारतील काऊन आला. पूरे देश में मेरा घर है, जवाई. एक सोडून."

"मामी रागात बोलल्या."

"नाही. बराबर बोलली. मी तिचं ताट उचलून गावाला वाटलं." ते थांबले. "फौजेत असं कधी होत नाही, माहीत आहे? का नाही होत? तिथं ताट सरकारचं असतं. तिथं शेवटी जेवणं सोपं आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

लांबून गोंदियाच्या गाडीचा आवाज आला. मी घाबरून मामींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोन, जवाई? बसले का ते गाडीत?"

"नाही अजून. गाडी येऊन राहिली."

"बसू द्या. पन त्यायले म्हना, सांगून जा." मागे विळ्यांचा खर्रखर्र आवाज येत होता, वाळलेलं धान जनावरांसाठी कापणं सुरू होतं. "दर सुट्टीले असेच गेले. पाहाटी उठाचे, पेटी उचलाचे, दार हळूच ओढाचे. त्यायले वाटे मी झोपली हावो. मी जागीच राहत होती, जवाई. डोळे मिटून आयकत होती ते दार. आता तरी तोंडानं सांगून जा म्हना."

फोन बंद झाला. गाडी आली, मिनिटभर थांबली, गेली. मामाजी तिच्याकडे पाहत उभे होते, आणि मी पेटीवर बसून त्यांच्याकडे.

"रिपोर्ट देऊन येतो," ते शेवटी म्हणाले. "दुपारची गाडी आहे."

पेटी त्यांनीच उचलली. शेतापर्यंत मी मागून धावत होतो. मामी आणि शेजारची एक बाई मधल्या बांधीत वाकून कापत होत्या. आम्हाला बघून ती बाई विळा घेऊन लांबच्या कोपऱ्यात गेली. मामाजी बांधावर पेटी ठेवून ताठ उभे राहिले.

"मी जाऊन राहिलो," ते म्हणाले.

मामींनी कंबर सरळ केली. घाम पुसला. "कधी येसान?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, असं बायको सांगते. विचारून उपयोग काय? जाणं त्यांच्या हातात नव्हतं, येणंही नव्हतं. ते दुसरं कुणीतरी ठरवायचं. आता ठरवणारं कुणी नव्हतं. लुधियाना, कोट्टायम, इंफाळ, सगळं तिथं बांधावर उभ्या उभ्या मामाजींच्या चेहऱ्यावरून गेलं.

"सांजेले," ते म्हणाले.

पुढं शेवटपर्यंत ते रोज कुठं ना कुठं जात राहिले, कधी पाटावर, कधी स्टेशनावर, कधी नुसते, आणि जाण्याआधी रोज हे एवढंच सांगून.

"मंग पेटी कायले पायजे?" मामी म्हणाल्या. "राहू द्या. जवाई नेतीन घरी."

मामाजी मोकळ्या हातांनी बांधावरून पाटाच्या दिशेनं निघाले, नेहमीसारखे भराभर. मी पेटी डोक्यावर घेतली. तिच्यात त्यांनी काय भरलं होतं कोण जाणे, माझी मान खांद्यात शिरली. पण मला निघता येईना. मामी परत वाकल्या नव्हत्या. विळा हातात तसाच धरून, दिवसाच्या लख्ख उजेडात, त्या पहिल्यांदाच नवऱ्याला जाताना पाहत होत्या, आणि त्यांचं पाहून होईपर्यंत मी पेटीखाली तसाच उभा राहिलो.